कागदाचा वाफसा

वाफसा हा शब्द मला चित्रकलेच्या वर्गात कुणी शिकवला नाही. तो मिळाला एका माळीमामांकडून, लग्न होऊन मी अंकुशनगरला आले त्या वर्षी. साल १९९१. क्वार्टरच्या ओट्यावर बोर्ड मांडीवर घेऊन मी जास्वंद रंगवत होते. पाकळीवर फिकट गुलाबी रंगाचा पहिला वॉश दिला आणि तो लकाकत असतानाच त्यात गडद लाल सोडला. लाल पाकळीभर धावत सुटला, शेजारच्या पाकळीत शिरला, थेट देठापर्यंत उतरला. मी टिपकागद लावला, ब्रशनं रंग मागे ओढला, वर पुन्हा रंग दिला. कागदाची लव उठली आणि फुलाच्या जागी चिखल झाला.

मामा कुंपणाशी कण्हेरीला आळं करत होते. खुरपं बाजूला ठेवून ते ओट्याशी आले, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, घाई कामून करता? वल्ल्यात पेरलं तर बी कुजंल की. वाफसा येऊ द्या."

मी शेतकऱ्याच्या घरची. शब्द कानावरून लहानपणापासून गेलेला. पाऊस उघडला म्हणून कुणी लगेच तिफण धरत नाही. जमिनीत ओल हवी, पण पाय रुतता कामा नये. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि तो खाली टाकला तर फुटावा. ती वेळ म्हणजे वाफसा. त्याआधी रान चाळवलं तर ढेकळं होतात, उशीर केला तर ओल उडून जाते. हाच शब्द कागदाला लागू पडतो, हे मात्र मला सुचलं नव्हतं. औरंगाबादला ए.टी.डी. ही चित्रकला शिक्षकाची पदविका करताना 'ओल्यावर ओलं' आणि 'कोरड्यावर ओलं' अशा दोन पद्धती शिकले होते. त्या दोन्हींच्या मधे एक तिसरी वेळ असते आणि जलरंगातलं जवळजवळ सगळं फूल त्या वेळेत उमलतं, हे मामांच्या त्या एका वाक्यानं मला कळलं.

ती वेळ ओळखायला मला पुढची सात-आठ वर्षं लागली. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला तिरका धरून उजेडाकडे बघायचं. कागदावर पाणी आरशासारखं लकाकत असेल तर हात मागे. थोड्या वेळानं लकाकी मोडते, आरशाची साय होते आणि कागदाचे बारीक उंचवटे दिसायला लागतात, पण ओल आत असते. हाताची पाठ हलकेच लावली तर कागद गार लागतो. हाच वाफसा. आता गडद रंग सोडला तर तो दोन-तीन दाण्यांएवढा पसरतो आणि थांबतो, कड मऊ राहते, पाकळी आतून वळल्यासारखी दिसते. यानंतर कागद निम्मा सुकला आणि आपण भरल्या ब्रशनं त्यात पाणी टेकवलं, तर ते पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि कोबीच्या पानाच्या कडेसारखा झालरदार डाग पडतो. तो निघत नाही. कागद पूर्ण कोरडा होईपर्यंत गप्प बसणं एवढंच आपल्या हातात उरतं.

आणि इथला उन्हाळा म्हणजे ही वेळ डोळ्याची पापणी लवावी तशी निघून जाते. एप्रिल-मेच्या दुपारी वाफसा मिनिटभरही टिकत नाही, श्रावणात तो दहा-बारा मिनिटं रेंगाळतो. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे रंगवते, एका वेळी एकच पाकळी ओली करते आणि कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेते. पुस्तकात लिहिलेली मिनिटं लंडनची असतात. आमच्या अंबड तालुक्याची मिनिटं आपली आपल्यालाच मोजून घ्यावी लागतात.

अंकुशनगर कुणाला फुलांसाठी ठाऊक नाही. धुळे-सोलापूर महामार्गालगतची ही साखर कारखान्याची वसाहत, शेजारी महाकाळा, खाली शहागडला गोदावरी, वरच्या अंगाला जायकवाडीचा डावा कालवा. चहूकडे ऊस. आमच्याकडे नुसतं 'बाग' म्हटलं की ऐकणाऱ्याला मोसंबीची बाग समजते, फुलबाग म्हणून वेगळं सांगावं लागतं. माझे मिस्टर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. क्वार्टरपुढे दहा बाय पंधरा फुटांची जागा होती. तिथे जास्वंद, तगर, सदाफुली, गुलबक्षी, अबोली, एक गावठी गुलाब आणि फाटकावर बोगनवेल. एवढ्या जागेत मी तीस वर्षांहून जास्त काळ बसले आणि अजून ती जागा रंगवून संपलेली नाही.

आधी मी फुलं बघत नव्हते, हे मोकळेपणानं सांगायला हवं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाले होते. संकल्पचित्रात फुलं काढून काढून हात इतका बसला होता की डोळ्यांची गरजच लागत नसे. जास्वंद म्हणजे पाच पाकळ्या आणि मधे दांडी, एवढं पाठ. एका सकाळी पेन्सिलनं कडा काढताना लक्षात आलं की माझ्या चित्रातली एक पाकळी दोन्ही बाजूंनी वर आहे आणि एक दोन्ही बाजूंनी खाली दबलेली. फुलात तसं नव्हतं. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर होती आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही जणी अशा एकमेकींत गुंतून फिरकीसारख्या उभ्या. मी दुसरं फूल पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे तेच. मधल्या दांडीच्या वरच्या अंगाला पिवळे परागकोश आणि अगदी टोकाला मखमली लाल असे पाच ठिपके. रोज देवाला वाहिलेलं फूल मला तिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा दिसलं.

जास्वंद एका दिवसाचं फूल. सकाळी उमललेलं संध्याकाळी मिटायला लागतं. म्हणजे चित्र 'उद्या पुरं करू' म्हणून ठेवता येत नाही. तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी फुलाशेजारी वीस मिनिटं नुसतं बसायचं, रंग उघडायचा नाही. मग हलकी पेन्सिल, कारण खोडरबर जास्त चाललं की कागदाची खळ निघते आणि तिथे रंग शोषला जाऊन डाग पडतो. मग उजेड कुठून येतो ते ठरवून जिथे कागद कोरा ठेवायचा त्या जागा मनात पक्क्या करायच्या. त्यानंतर फिकटातून गडदाकडे. जलरंगात झाकणं नसतं. तैलरंगात चुकलेल्या जागी वरून पांढरा देता येतो, इथे पांढरा म्हणजे कागदच. गेलेला परत मिळत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की वसाहतीचा श्वास बदलतो. ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मळीचा आणि उसाच्या रसाचा वास हवेत भरून राहतो. ऊस तुटल्यावर शिवारात पाचट पेटवतात, तेव्हा त्याची काळी काजळी दूरवर उडत येते. ओल्या कागदावर ती पडली आणि घाईनं पुसली की काळी रेघ उठते. पहिल्या एक-दोन हंगामांत मी अशी चार-पाच चित्रं घालवली. नंतर कळलं की तिला हात लावायचा नाही. कागद वाळू द्यायचा, मग फुंकर मारायची. निम्म्या वेळा ती आपोआप उडून जाते.

अशाच एका हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कुंपणापाशी येऊन उभी राहू लागली. कडेवर लहान भाऊ. काही बोलायची नाही. मी गुलबक्षी रंगवत होते, सकाळची वेळ, फुलं मिटून लोंबलेली. मला वाटलं होतं पाणी कमी पडलंय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, हे झोपेल फूल हाय. सांजच्याला जागं व्हतं." संध्याकाळी पाचला मी बाहेर येऊन पाहिलं. सगळं झाड उघडलं होतं. घरात तीन वर्षं गुलबक्षी होती आणि त्या वेळी मी रोज स्वयंपाकघरात असे. त्या मुलीला मी ब्रश दिला. तिनं गुलबक्षी काढली नाही, उसाचा तुरा काढला. ब्रश जवळजवळ कोरडा करून, केस फाकवून, खालून वर असा एकेक फटकारा. कोरड्या ब्रशचं ते तंत्र मला कॉलेजात आठवडाभर शिकवलं होतं. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, तिनं तुरा पाहिला होता. मार्चमध्ये गळीत संपून पट्टा पडला, टोळ्या गावी परतल्या आणि ती पुन्हा दिसली नाही. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये पहिला आहे.

तेव्हापासून फुलाची वेळ मी वहीत लिहायला लागले. पारिजातक पहाटे, झाडाखाली पडलेला, नारिंगी देठ वर करून. सदाफुली दिवसभर सारखी. मोगरा संध्याकाळी उमलतो म्हणून कळ्या दुपारी काढून ठेवायच्या. गोकर्णीचा निळा उन्हं वर आली की फिका वाटतो. माझं वेळापत्रक झाडांनी ठरवलं आणि स्वयंपाक त्यात बसवला. घरच्यांनी ते मान्य केलं, हे माझं भाग्य.

पांढऱ्या फुलानं मला सर्वांत जास्त काळ अडवलं. मोसंबीचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. त्याआधी शेतकरी बागेचं पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. झाड पानं टाकायला लागतं, बघणाऱ्याला वाटतं गेली बाग. मग पाणी सोडलं की फांद्या कळ्यांनी भरून जातात आणि सगळ्या शिवाराला वास सुटतो. एका ओळखीच्यांच्या बागेत बसून मी ते फूल काढायचा प्रयत्न केला. जाड, मेणचट पाकळ्या, मागे वळलेल्या, मधे पुंकेसरांचा दाट झुबका. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल. मी करड्या रंगानं कडा काढल्या, तर ते प्लॅस्टिकचं वाटू लागलं. दोन बहार मी हेच करत राहिले.

त्या सुमारास म्हैसूरला जाणं झालं. जगनमोहन राजवाड्यात चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आहे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं. १९४५-४६ च्या सुमाराचं ते चित्र जलरंगात आहे. दिव्याचा उजेड बोटांतून झिरपतो आणि चेहऱ्यावर चढतो, असं ते रूप. मी त्याच्यापुढे तासभर उभी होते. उजेडापेक्षा मला भोवतालच्या अंधाराचे थर दिसले, किती धीरानं चढवले असतील ते. घरी आल्यावर मी मोसंबीचं फूल रंगवणं सोडलं आणि त्याच्यामागची पानं रंगवली. सॅप ग्रीनमध्ये प्रशियन ब्लू, कुठे बर्न्ट सिएना. पानांची कड जिथे फुलाला टेकते तिथे ब्रश थांबवला. पानं पुरी झाली तेव्हा मधे फूल होतं. त्याला मी हात लावला नव्हता. मग वाफशावर पाकळीच्या वळणात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची अगदी पाणीदार सावली, पानाच्या बाजूला हिरव्याची पुसट झाक. बस्स. शेजारची बाई वहीपाशी वाकून म्हणाली, "वास येऊ राहिला." यापेक्षा मोठं बक्षीस मला मिळालेलं नाही.

आता एक चूक सांगते. ती माझीच आहे.

वसाहतीतल्या एका ताईंच्या आई वारल्या. आईंनी लावलेला गावठी गुलाब त्यांच्या दारात होता. ताईंची बदली ठरली तेव्हा मी तो गुलाब रंगवून त्यांना दिला. क्रिमसन लेकचे चार थर, पाकळीच्या तळाशी जवळजवळ काळा. मला स्वतःला ते चित्र फार आवडलं होतं. सात-आठ वर्षांनी त्यांच्या नव्या घरी गेले. चित्र खिडकीसमोर लावलं होतं. गुलाब उडून गेला होता. जागेवर मळकट गुलाबी छाया होती आणि हिरवी पानं निळसर झाली होती, कारण हिरव्यातला पिवळाही उन्हानं खाल्ला होता. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते भिंतीवरून काढलंही नव्हतं. मला खाली बघावंसं वाटलं.

रंग टिकतो की उडतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. परीक्षेचं चित्र तपासून झालं की काम संपतं, तिथे या प्रश्नाची गरज पडत नाही. दुसऱ्याच्या भिंतीवर ठेवायच्या चित्राला ती पडते. परत आल्यावर मी माझ्याकडच्या प्रत्येक रंगाची पट्टी काढली, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाकली आणि मार्च ते जून पश्चिमेच्या खिडकीत लावून ठेवली. मराठवाड्याचं ऊन फार खरं बोलतं. बरेचसे सुंदर लाल आणि जांभळे त्यात पडले. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो तेव्हापासून मी भिंग लावून वाचते. अलिझरिन क्रिमसनचा पीआर ८३ उन्हात उडतो. क्विनॅक्रिडोनचा पीव्ही १९ टिकतो, महाग पडतो, पण जास्वंदीला आणि गुलाबाला मी आता तोच वापरते. ताईंना दुसरं चित्र करून दिलं. पण तो गुलाब तोवर राहिला नव्हता, दुसऱ्याच्या बागेतला पाहून काढला. त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही.

दुसरी चूक याहून जड. काही वर्षं मी जवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. एक मुलगा होता, अक्षर वाईट, गणित कच्चं, पण रंगाला हात लावला की तासभर मान वर करायचा नाही. त्यानं सदाफुली काढली. पाकळ्या लहानमोठ्या, एक तर जवळजवळ दुमडलेली. मी शेजारून जाता जाता ब्रश घेतला आणि त्याच्या ओल्या कागदावरच पाकळ्या सारख्या करून दिल्या. वर्गाला दाखवलं, "असं काढायचं." पुढच्या तासाला तो आला, वही कोरी ठेवली. त्यापुढे त्यानं मला चित्र दाखवलं नाही. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या घराशेजारून जाताना मला सदाफुलीचं रोप दिसलं, भिंतीच्या फटीत उगवलेलं. त्याच्या फुलांची एक पाकळी खरंच दुमडलेली होती, भिंतीला घासून. त्यानं पाहिलेलं काढलं होतं, मी पाठ असलेलं काढलं.

मुलांच्या कागदाला तेव्हापासून मी ब्रश लावत नाही. काही दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवते. ओल्यात हात घातला की रंग बिघडतो, एवढं मी कागदाबाबत शिकले होते. मुलाबाबत ते कळायला उशीर झाला. तो मुलगा आज कुठे आहे मला ठाऊक नाही. हे वाचलं तर त्यानं जाणावं, की त्याची पाकळी बरोबर होती.

२०१२ च्या पावसानं दगा दिला आणि २०१३ चा उन्हाळा जालना जिल्ह्यानं कसा काढला हे इथल्या माणसांना सांगायला नको. जायकवाडीचा नाथसागर मृतसाठ्यावर गेला. पंधरा-वीस वर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी रडत त्यांवर कुऱ्हाड घातली. झाडाला दिलेला ताण आणि झाडावर आलेला ताण यांत काय फरक आहे, ते त्या वर्षी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. ताण सोडवायला पाणी हातात लागतं. ते नव्हतं. टँकर आला की बाया हंडे-घागरी घेऊन धावत. आमच्या दारातली तगर गेली, अबोली गेली, जास्वंद काडी झाली.

मी चित्रं काढणं थांबवलं. रंगासाठी वाटीभर पाणी घ्यायची लाज वाटत होती. दोन महिने पेटी उघडली नाही. एके दिवशी शेजारच्या आजी पापड वाळवायला ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या दारात तेवढी एक कागदाची फुलं राहिली बघ, ती तरी काढ." बोगनवेल. कागदाची फुलं म्हणूनच तिला सगळे ओळखतात. बाकी बाग वाळत होती आणि ती कधी नव्हे इतकी गच्च फुलली होती. पाणी तुटलं की बोगनवेल जास्त फुलते, हे मी तेव्हा शिकले.

मी अर्धा कप पाणी घेतलं. भाजी धुतलेलं, गाळून. तोवर मी बोगनवेल लांबून, रंगाचा ढीग म्हणून रंगवली होती. त्या वेळी पाणी इतकं थोडं होतं की एकच झुबका काढायचा ठरवला. जवळ घेतला तर दिसलं की आपण पाकळ्या म्हणतो ती तीन रंगीत पानं आहेत. त्यांवर शिरांची जाळी आहे, पानासारखीच. खरं फूल मधे, बारीक नळीसारखं, टोकाला पांढरट चांदणी, आणि प्रत्येक नळी एकेका रंगीत पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेली. ब्रश कोरडा ठेवून, शिरा कोऱ्या सोडत, मी ते तीन दिवसांत पुरं केलं. अर्धा कप पाणी तीन दिवस पुरलं. आधी मी एका चित्राला दोन मोठी वाडगी पाणी वाया घालवत असे. आता एक वाटी ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, एवढ्यात भागतं. धुतलेलं रंगाचं पाणी झाडांना घालत नाही, कारण काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. ते दूर मुरमाच्या खड्ड्यात ओतते. बोअरचं पाणी इथे क्षाराचं, त्यानं रंग दाणेदार बसतो. म्हणून पावसाचं पाणी गाळून बाटल्यांत भरून ठेवते, श्रावणातल्या दहा बाटल्या मला पुढच्या पावसापर्यंत जातात.

तुम्ही ही चित्रं करून मिळवलंत काय, असं अनेकांनी विचारलं आहे. प्रदर्शनं दोन झाली, तीही छोटी. या प्रश्नाचं उत्तर मला एका पुस्तकात सापडलं. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख होते. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडाफुलांची शंभराहून जास्त जलरंगचित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, नाव कुठे नोंदलेलं नाही. छापील पानांवरून बोट फिरवताना मी त्याचा वाफसा शोधत होते. पुण्याच्या हवेत, कंपनीच्या राज्यात, बहुधा एखाद्या पडवीत बसून, तोही कागद तिरका धरून लकाकी मोडायची वाट बघत असणार. बाग गेली, साहेब गेले, त्याचं नाव गेलं. पानाची शीर कुठे वळते ते पावणेदोनशे वर्षांनी मला दिसलं. कुणीतरी एका दिवशी एक फूल नीट पाहिलं, याची ती नोंद आहे. माझ्याही फाइली तेवढ्यासाठीच आहेत. दुष्काळाआधी दारात कोणती तगर होती हे नातीला दाखवायला माझ्याकडे कागद आहे.

माळीमामा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला गेले होते, वहीतलं जास्वंदीचं पान काढून नेलं होतं. त्यांची नजर अधू झाली होती. कागद हातात घेऊन त्यांनी तो डोळ्यांपाशी नेला नाही, पाकळीवर अंगठा फिरवला. "वाळलंय चांगलं," म्हणाले.

मिस्टर निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, आम्ही जवळच घर बांधलं. जास्वंदीची फांदी तिकडून इकडे आणून लावली. माझा हात आता थोडा कापतो, म्हणून बारीक ब्रश कमी केले आणि आठ नंबरचा गोल ब्रश जास्त वापरते. भरल्या ब्रशला हाताचं कापणं तितकं कळत नाही.

परवा मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी ओट्यावर कागद भिजवून ताणून बसले होते. रस्त्यापलीकडच्या रानात एक जण वाकला, मूठभर माती उचलली, दाबली आणि खाली सोडली. गोळा फुटला नाही. त्यानं हात झटकला, औताकडे न जाता बांधावर जाऊन बसला. मी कागदाला हाताची पाठ लावली. अजून लकाकत होता. ब्रश खाली ठेवला आणि मीही बसून राहिले.